'बिऱ्हाड' : घराहून निराळा शब्द

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण विद्यार्थ्यांना ठाऊक असते. तीतील 'बिऱ्हाड' सुटे विचारले, तर मात्र 'ओझे', 'सामान' अशी उत्तरे येतात. विंचवाची मादी पिल्लांना पाठीवर वाहते, हे ध्यानात घेतले म्हणजे तेथे सामान नसून कुटुंब आहे, हे कळते.

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनारपट्टीवरील जुन्या पिढीच्या बोलण्यात 'घर' आणि 'बिऱ्हाड' यांची सरमिसळ होत नसे. गणपतीला, शिमग्याला जायचे ते घर. गिरणीत वा गोदीत काम लागल्यावर मुंबईच्या चाळीत थाटायचे ते बिऱ्हाड. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरलेल्या गाववाल्याला 'बिऱ्हाड कुठे केलेस?' असेच विचारीत. 'यंदा बिऱ्हाड आणले' म्हणजे बायकोमुलांना मुंबईस आणले. (पत्नीचा उल्लेख टाळण्याची ही एक सोयही होती.)

शब्दाचे जुने रूप 'बिढार'. तेराव्या शतकातील 'लीळाचरित्रा'त ते मुक्कामाच्या जागेसाठी येते. भालचंद्र नेमाडे यांच्या १९७५ मधील कादंबरीचे नावही तेच. ढ आणि र यांच्या अदलाबदलीने 'बिऱ्हाड' झाले. हा वर्णविपर्यय, त्यात वर्ण हलले, पण महाप्राणत्व दुसऱ्या अक्षरातच राहिले, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. शब्दाचे नाते द्राविडी भाषांशी आहे. कन्नडमध्ये 'बिडु' म्हणजे सोडणे, मुक्काम करणे आणि 'बिडार' म्हणजे उतरण्याची जागा. तमिळमध्ये 'विडु' म्हणजे सोडणे, तर 'वीडु' म्हणजे घर आणि मोक्षही. संस्कृत मूळ सापडले नाही की शब्दावर 'देशी' असा शिक्का मारून थांबण्याची आपली सवय येथे अभ्यासाला मारक ठरते.

'भाड्याची जागा' हा रूढ अर्थ मला म्हणूनच अपुरा वाटतो. बिऱ्हाडात परतण्याचे ठिकाण दुसरीकडे असल्याची जाणीव गृहीत असे. ती जाणीव विरली, तसा शब्द मागे पडला. त्याच्या जागी आलेल्या 'रूम'मध्ये भिंती आहेत, माणसे नाहीत. पनवेल-उरणकडे सदनिका घेतलेल्यांची मुले तिलाच 'घर' म्हणतात आणि कुलूपबंद मूळ वास्तूला 'गावचे घर'. पूर्वी ज्या घराला विशेषण लागत नसे, त्याला आता ते लागते.

प्रकल्पासाठी शब्दसंकलन करणाऱ्यांनी वडीलधाऱ्यांना 'तुमचे घर कुठे होते?' आणि 'तुमचे बिऱ्हाड कुठे होते?' हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारावेत आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावीत.