बोरीचा नाला

वाचकहो, या सदरात मी वर्षभर झाडे, पाखरे, फडताळातले डबे, रेल्वेचे फलाट अशा कशाकशाकडून बोध काढून तुमच्या पुढ्यात ठेवीत असतो. मास्तरकीला जडलेला हा रोगच म्हणा. कवितेखाली 'तात्पर्य' लिहिल्याशिवाय आमचा हात थांबत नाही. आज दिवाळीच्या मुहूर्तावर एक कबुली द्यायची आहे. यंदाच्या पावसाळ्यात माझ्याच वर्गात माझे तात्पर्य फसले.

रेव्हरंड ना. वा. टिळक शिकवीत होतो. फुलामुलांचे कवी म्हणून आपण सारे त्यांना ओळखतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्या एका दिवसाने त्यांच्या घरादाराची केवढी ताटातूट झाली ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'तून घरोघर ठाऊक आहे. मी मुलांना सांगत होतो की, फुलापाखरांत देव पाहणाऱ्या या माणसाला ख्रिस्ताची शिकवण परकी वाटणे शक्यच नव्हते. ख्रिस्ताने तरी दुसरे काय केले? रानातल्या फुलांकडे बघा म्हणाला, आकाशातल्या पाखरांकडे बघा म्हणाला. मोहरीचा दाणा, पिठात कालवलेले खमीर, हरवलेले नाणे शोधण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई, पिलांना पंखाखाली घेणारी कोंबडी! सगळा माल घरातला आणि शेतातला. त्याचा तो पेरणारा तर आपल्या वऱ्हाड-नागपुराकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला चटकन ओळखता यावा. वाटेवर सांडलेले बी पाखरांनी टिपले, खडकावरचे उन्हाने करपले, काट्यांतले गुदमरले आणि चांगल्या जमिनीतले तेवढे पिकले. यात न कळण्यासारखे काय आहे?

मी रंगात आलो होतो. निसर्ग ही देवाची उघडी पोथी आहे, तिच्या प्रत्येक पानावर धडा आहे, वगैरे वगैरे. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. बुटीबोरीहून येऊन-जाऊन शिकणारी, ख्रिस्ती घरातली, एरवी तोंडातून शब्द न काढणारी.

"सर, फुलाकडून शिकायचं, पाखराकडून शिकायचं. मग पुराकडून काय शिकायचं?"

मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "नम्रता."

ती खाली बसली. तास संपल्यावर तिच्या शेजारणीने मला सांगितले की, आदल्या वर्षी हिचा धाकटा भाऊ नाल्याच्या पुरात वाहून गेला.

त्या 'नम्रते'ने मला किती रात्री छळले ते सांगत नाही. दसरा झाला तशी मी सरळ बुटीबोरीची बस धरली.

नागपूरच्या दक्षिणेला वर्धा रोडवर पाऊण तासाच्या अंतरावर हे गाव आहे. आज औद्योगिक वसाहतीमुळे ते ओळखले जाते. ट्रकांच्या रांगा, चहाच्या टपऱ्या आणि पाळी सुटल्याबरोबर उसळणारी सायकल-मोटरसायकलींची गर्दी. पण नावात बुटी घराणे आहे, नागपूरचे. या घराण्यातल्या बापूसाहेब बुटींनी शिर्डीत बांधलेल्या वाड्यात १९१८ साली साईबाबांची समाधी झाली, हे पुष्कळांना माहीत असते. त्याआधी, १८९० नंतरच्या काही वर्षांत, नागपूरच्या आप्पासाहेब बुटींच्या पदरी संस्कृत ग्रंथांचे काम करीत आपले टिळक होते, हे फार थोड्यांना माहीत असते. पुढे आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, तो याच नागपूरच्या दिवसांनंतर.

आणि टिळकांच्याही आधी या बोरीशी आणखी एका ख्रिस्ती माणसाची गाठ पडली आहे. स्टीफन हिस्लॉप हे ते नाव. आमच्या नागपूरकरांच्या तोंडी ते फक्त कॉलेजपुरते उरले आहे. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपूरला आला, शाळा काढली, गोंडांची गाणी आणि कथा उतरून घेतल्या. फावल्या वेळात दगड फोडायचा! १८५१ साली नागपूरजवळच्या टाकळीला त्याला आणि त्याच्या सोबतच्या हंटरला काळ्या खडकात गोड्या पाण्यातले शंख सापडले. जरा विचार करा. आपल्या पायाखालचा हा काळा पाषाण म्हणजे थरावर थर ओतलेला लाव्हा. आजच्या हिशेबाने तो साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. एक लोट थंड झाला, त्यावर तळे साचले, तळ्यात गोगलगायी नांदल्या, काठावर झाडे वाढून त्यांच्या बिया पडल्या. मग पुढचा लोट आला आणि सारे मिटून गेले. मी असतो तर यावर तीन लेख पाडले असते. धर्मोपदेश हाच ज्याचा व्यवसाय, त्या हिस्लॉपने मात्र लंडनच्या भूगर्भशास्त्रज्ञांसाठी लिहिताना थर मोजले, शंखांची वर्णने केली, कोणता खडक कशावर आहे ते सांगितले. आधी नीट बघितले. त्याच्या नावाने एका हिरव्या खनिजाला हिस्लोपाइट म्हणतात.

४ सप्टेंबर १८६३. बोरीजवळच्या टाकळघाटला प्राचीन शिलावर्तुळे आहेत. ती पाहायला हिस्लॉप मध्य प्रांताचा प्रमुख अधिकारी रिचर्ड टेंपल याच्याबरोबर आला होता. काम झाले, मंडळी पुढे गेली, हा गावची शाळा तपासायला मागे राहिला. संध्याकाळी एकटाच घोड्यावरून बोरीच्या तळाकडे निघाला. सकाळी सहज ओलांडलेला नाला तेवढ्यात फुगला होता. तळावर नुसता घोडा पोचला. हिस्लॉपचे वय पंचेचाळीस, माझ्याहून फार मोठे नव्हे.

शिलावर्तुळे अजून आहेत. १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाने टाकळघाट आणि खापा येथे उत्खननही केले. मी तिथे उभा राहिलो आणि माझ्या नकळत डोक्यात वाक्य जुळू लागले, 'ज्या निसर्गाची पोथी आयुष्यभर वाचली...' तिथेच थांबलो. ती मुलगी आठवली.

तिचे घर शोधायला वेळ लागला नाही. ती कॉलेजात गेली होती. आजी ओसरीत कापसाच्या बोंडातली पत्ती निवडीत बसली होती. मी कोण ते सांगितले, माझ्या उत्तराचेही सांगितले. म्हातारी हसली नाही की रागावली नाही.

"तुमी एकलेच नाही, गुरुजी. मातीच्या दिवशी एक शहाणे आलते. रविवारी देवळात नाही गेला, मासोया धराले गेला, म्हून देवानं शिकवण देल्ली म्हने. म्या म्हनलं, आमच्या पुस्तकात त्या बुरुजाची गोष्ट हाय. बुरूज पडला, अठरा मानसं मेली. येशूनं सांगतलं का ते बाकीच्याइहून जास्त पापी नोते. मंग माहा नातूच काहून पापी?"

लूकच्या शुभवर्तमानातली ही शिलोहाची गोष्ट मी वाचलेली होती. वर्गात मात्र ती कधी सांगितली नव्हती. मोहरीतून आणि खमिरातून शिकवणाऱ्या त्याच गुरूने ऐकणाऱ्यांना पश्चात्तापाचा इशारा दिला, पण कोसळलेल्या भिंतीखाली मेलेल्यांच्या माथी दोष मारला नाही. चिमणीचेही तसेच. बापाला कळल्याशिवाय ती जमिनीवर पडत नाही, असे तो म्हणतो. पडतच नाही, असे म्हणत नाही. टिळकांच्या 'केवढे हे क्रौर्य!'मधली घायाळ पक्षीण तरी कुठे वाचते? इतकी वर्षे शिकवताना मी तिच्या मरणावरून लगबगीने 'भूतदया' या शब्दाकडे पळत आलो होतो.

"मंग पान्याकडून काई शिकता येत नाही का, आजी?" असे मी तिच्याच बोलीत विचारायला गेलो. तिने माझ्या बोलीची दुरुस्ती केली आणि मग उठली.

"चला, दाखोतो."

घरामागून शेताची पायवाट नाल्यात उतरते. पाणी घोट्याएवढे, तळाचे गोटे दिसत होते. काठावर एक मोठा काळा दगड होता आणि त्यावर, गुडघ्याच्या उंचीवर, पुसट पांढरा पट्टा.

"चुन्याचा हाय. पानी याले टेकलं का मोहल्ल्यातलं एकबी पोरगं उतरत नाही. शायेतून येनारे तिकडंच थांबते, आपन इकडून आवाज द्याचा. औंदा दोनदा टेकलं."

पावसाने पट्टा बराच धुऊन गेला होता. तिने पदराखालून चुन्याचे डबडे आणि काथ्याची कुंचली काढली. वाकताना तिला कंबर धरावी लागली. मी पुढे झालो, तशी तिने कुंचली माझ्या हाती दिली.

"जाड वढा, गुरुजी. अन् सरका. तुमची सावली पडून रायली त्याच्यावर."