दुरून शहर साजरे

'हौशी' हा शब्द मराठीत उच्चारला जातो तेव्हा उच्चारणाऱ्याच्या स्वरात पुष्कळदा एक सौम्य अवहेलना उतरते. हौशी गायक, हौशी कवी, हौशी छायाचित्रकार. ह्या जोड्यांतले पहिले पद दुसऱ्या पदाची किंमत थोडी कमी करण्यासाठीच योजलेले असते. वास्तविक अरबी-फारसीतून आलेल्या 'हवस'ला मराठीने 'हौस' करून घेतले आणि त्यात पुष्कळ जिव्हाळा ओतला. हिंदीत तोच शब्द वासनेच्या अंगाने गेला. इंग्रजीतल्या 'अमॅच्युअर'च्या मुळाशीही लॅटिनमधला प्रेमवाचक धातूच आहे. असे असूनही आपण 'हौसेला मोल नाही' असे म्हणतो तेव्हा ती अमोल आहे असे म्हणायचे असते, की तिला बाजारात कवडीही मिळत नाही असे, हे बोलणाऱ्यालाही नेमके ठाऊक नसते. ह्या लेखात आम्हांला ह्या दुसऱ्या अर्थाशी भांडायचे आहे, आणि त्यासाठी उदाहरण घ्यायचे आहे ते दुरून शहराची छायाचित्रे काढणाऱ्या हौशी माणसाचे.

मुंबईपुरते बोलायचे तर येथील छायाचित्रणाचा आरंभकाळ हौसेनेच भारलेला होता. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. १८५६ ते १८५८ ह्या काळात मुंबईहून छायाचित्रांची जी मालिका प्रसिद्ध होत होती तिचे नावच 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' असे होते. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे पेशाने वैद्य, पण ह्या नव्या कलेत त्यांनी चांगले नाव मिळवले. त्या काळी 'हौशी' असणे म्हणजे उणे असणे नव्हते. पोटासाठी एक काम आणि जिवासाठी दुसरे, एवढाच त्याचा अर्थ होता.

आता आजचा हौशी माणूस पाहू. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ एका बँकेत कारकून होते. निवृत्त होऊनही त्यांना बरीच वर्षे झाली. त्यांना छंद अनेक : पोस्टाची तिकिटे जमवणे, जुने रेडिओ उघडून पुन्हा जुळवणे, थोडीफार पेटी वाजवणे. ह्यांतला कोणताही छंद त्यांनी मिरवला नाही. छायाचित्रणाची सुरुवात झाली ती आग्फा क्लिक थ्री ह्या पेटीवजा कॅमेऱ्याने. एका रोलवर बारा चौकोनी चित्रे, आणि रोल धुण्याचा खर्च पगाराच्या हिशेबात मांडावा लागे असे ते दिवस. पुढे कॅमेरे बदलले, रंग आला, रोल जाऊन कार्ड आले. एक गोष्ट मात्र बदलली नाही. दर वर्षी पाऊस सरला आणि हवा धुऊन निघाली की ते वांद्र्याच्या किल्ल्यावर जात आणि माहीमच्या खाडीपलीकडे दक्षिणेला दिसणारी वरळी, प्रभादेवी, परळ ह्या भागांची आकाशरेषा टिपत. जागा तीच, वेळ साधारण तीच. सोबत एक वही : तारीख, वेळ, भरती की ओहोटी, हवा कशी होती.

ही छायाचित्रे त्यांनी एकदा एका स्पर्धेला पाठवली होती. परीक्षकांनी ती 'सपाट' ठरवली. परीक्षकांचे म्हणणे त्यांच्या परीने खरेच होते. त्या चित्रांत सोनेरी संध्याकाळ नाही, पाण्यातले प्रतिबिंब नाही, अग्रभागी मान वळवून बसलेला पक्षी नाही. एकेक चित्र सुटे पाहिले तर त्यात पाहण्यासारखे फारसे नाही. पण ती सारी एका रांगेत मांडून आम्ही पाहिली तेव्हा आम्हांला बराच वेळ बोलता आले नाही.

आरंभीच्या चित्रांत धुराडी आहेत. बारीक, उभी, करड्या आकाशावर पेन्सिलीने ओढल्यासारखी. पुढे ती एकेक करून नाहीशी होतात, आणि त्यांच्या जागी प्रथम क्रेनचे आडवे हात व मग त्या हातांनी उभारलेले मनोरे येतात. शहर नियोजनाच्या इतिहासात हा सारा प्रवास कलमांच्या भाषेत नोंदलेला आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा काही वाटा मोकळ्या जागांसाठी व परवडणाऱ्या घरांसाठी द्यावा असे ठरवले. २००१ च्या दुरुस्तीने हा वाटा गिरणीतल्या आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरता मोजायचा असा अर्थ रूढ केला, म्हणजे वाटा पुष्कळच आक्रसला. आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. नियमातला शब्द कुठे हलला हे कागदावर कळते. शब्द हलल्यावर आकाश किती हलले हे मात्र ह्या निवृत्त कारकुनाच्या चित्रांत दिसते. पुढे समुद्रात खांब उगवतात, आणि ३० जून २००९ रोजी खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू चौकटीत कायमचा येऊन बसतो. वहीत त्या वर्षीची नोंद एवढीच आहे : 'ओहोटी. हवा स्वच्छ. पूल पुरा.'

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो दुबळा नाही. 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण शहरांनाही लागू आहे. दूरवरून पाहिलेल्या शहरात माणूस दिसत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला; सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्या संपाचे छायाचित्र वांद्र्याच्या किल्ल्यावरून काढता येत नाही. चाळीतली विझलेली चूल, गावी परतणारे कुटुंब, दारावरच्या सभा ह्यांतले काहीही खाडीपलीकडून दिसत नाही. मग धुराडी नाहीशी होण्याकडे केवळ रेषांचा खेळ म्हणून पाहणे ही एक प्रकारची निष्ठुरता नाही काय?

आमचे उत्तर असे की एकच चित्र असते तर ती निष्ठुरता ठरली असती. दूरच्या दृश्याचा खोटेपणा मुख्यतः त्याच्या एकटेपणात असतो. ह्याचा दाखलाही तेथेच आहे. लांब पल्ल्याची लेन्स लावून किल्ल्यावरून वरळीकडे पाहिले की कोळीवाड्याची बैठी घरे आणि त्यांच्या बऱ्याच मागे असलेले मनोरे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. मधले अंतर, मधले रस्ते, मधली माणसे गळून पडतात आणि 'गरिबी व श्रीमंती' असे तयार शीर्षक असलेले चित्र हाती येते. अशा चित्राला दाद चटकन मिळते, कारण पाहणाऱ्याला आधीच ठाऊक असलेले ते त्याला परत देते. मालिका तसे करू शकत नाही. ती मागच्या वर्षीचे चित्र शेजारी ठेवते आणि 'हे कोठे गेले?' एवढाच प्रश्न विचारते. प्रश्न पडला की पाहणाऱ्याला खाडी ओलांडून, चाळीपर्यंत, कागदपत्रांपर्यंत जावे लागते. दूरचे चित्र जवळ जाण्याचे निमित्त होत असेल, तर त्याच्यावर निष्ठुरतेचा आरोप टिकत नाही.

आल्फ्रेड स्टीग्लिट्झ ह्या जगप्रसिद्ध छायाचित्रकाराने उमेदीच्या काळात हौशी छायाचित्रकारांच्या नियतकालिकाचे संपादन केले होते. त्याने १९३० च्या आसपास न्यूयॉर्कमधल्या शेल्टन हॉटेलातल्या आपल्या घराच्या खिडकीतून समोरच्या इमारती पुन्हा पुन्हा टिपल्या. इमारत चढत जाते, सावली सरकते, आधीचे आकाश झाकले जाते. त्या चित्रांचेही बळ ह्या पुनरावृत्तीतच आहे. पुनरावृत्ती व्यावसायिकाला सहसा परवडत नाही. गिऱ्हाइकाला दर वेळी नवे हवे असते, आणि संपादकालाही. एकाच ठिकाणी चाळीस वर्षे विनामोबदला जाणे हे केवळ हौसेलाच शक्य आहे. म्हणून हौशी छायाचित्रकाराला व्यावसायिकाच्या फूटपट्टीने मोजून 'सपाट' ठरवणे हा आम्हांला रसिकतेचा दोष वाटतो.

ह्यात काळजीचा भाग वेगळाच आहे. जुन्या इमारती पुनर्विकासाला जातात तेव्हा घरे रिकामी करावी लागतात, आणि तात्पुरत्या भाड्याच्या जागेत अल्बमांच्या पेट्या मावत नाहीत. आकाशरेषा ज्या कारणाने बदलते त्याच कारणाने तिची नोंद रद्दीत जाते. शिकागोत मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या व्हिव्हियन मायरची गोष्ट आज सर्वज्ञात आहे. तिने भाड्याने घेतलेल्या कोठारातले सामान भाडे थकल्यामुळे २००७ साली लिलावात निघाले. त्यात एक लाखाहून अधिक चित्रांच्या संग्रहाचा मोठा भाग होता. चित्रांचे मोल जगाला कळू लागले तोवर, २००९ मध्ये, ती वारलीही होती. तिची चित्रे योगायोगाने वाचली. आपल्याकडे असे योगायोग किती घडतील?

आजची मोबाइलमधली चित्रेही ह्याहून सुरक्षित नाहीत. संख्येने ती अफाट आहेत, पण एकमेकांना पाठवताना पुष्कळदा त्यांना चिकटलेली तारीख व जागेची माहिती गळून जाते आणि उरते ते निनावी, निर्वर्षी सूर्यास्ताचे चित्र. म्हणून आमचे मागणे साधे आहे. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी आणि गावोगावच्या वाचनालयांनी आपल्या परिसरातल्या हौशी छायाचित्रकारांकडे जावे, त्यांचे अल्बम पाहावेत, त्यांच्या संमतीने प्रती करून ठेवाव्यात, आणि चित्राइतकीच त्यांची वही जपावी. इतिहास, भूगोल व मराठीच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय मिळत नाहीत अशी तक्रार आम्ही दर वर्षी ऐकतो; एकेका अल्बमाची तारीखवार सूची करणे हा उत्तम प्रकल्प आहे. आणि ज्यांच्या घरी असा एखादा 'सपाट' चित्रे काढणारा काका किंवा आजोबा असेल, त्यांनी तो समोर आहे तोवर त्याच्याजवळ बसावे व प्रत्येक चित्रामागे निदान साल तरी लिहून घ्यावे.