परिषदेवर बसणार कोण?

क्ष-किरण तंत्रज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ अशा रुग्णालयाचा गाडा प्रत्यक्ष ओढणाऱ्यांसाठी संसदेने मार्च २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा केला. प्रत्येक राज्याने सहा महिन्यांत परिषद स्थापावी, असे त्यात अभिप्रेत होते. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्यांना अंमलबजावणीसाठी १२ ऑक्टोबरची मुदत घालून द्यावी लागली. दिरंगाईची चर्चा त्यामुळे झाली. परिषदेवर बसणार कोण, हा अधिक कळीचा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

कायद्यानुसार परिषदेत दहा व्यवसायगटांचे प्रत्येकी दोन सदस्य असतात आणि ते राज्य सरकार नेमते. निवडणूक नाही. त्यामागे इतिहास आहे. निवडून आलेल्या डॉक्टरांचा वरचष्मा असलेली भारतीय वैद्यक परिषद केंद्राने २०१० मध्ये बरखास्त केली आणि २०१६ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनेही परिषदेच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. मात्र समितीने निवडणुकीऐवजी काटेकोर निवडप्रक्रिया सुचवली होती. निवडणूक जाते आणि प्रक्रिया येत नाही, तेव्हा उरते ती मंत्र्याच्या दालनातील यादी. सचिवालयाचा अनुभव असलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

राज्याची व्यावसायिक नोंदवही ठेवणे, गैरवर्तनाची दखल घेणे आणि शिक्षणसंस्थांची तपासणी करणे ही परिषदेची कामे. खासगी संस्थेचा चालकच 'व्यावसायिक' म्हणून तेथे बसला, तर तपासणारा आणि तपासला जाणारा यांत फरक उरणार नाही. उलट, जुन्या पदविकेवर वीस वर्षे परराज्यात राबलेल्या तंत्रज्ञाची नोंदणी अडली, तर त्याची अडचण जाणणारा तेथे कोणी असेल काय? शिवाय शस्त्रक्रिया, भूल आणि भाजलेल्यांची शुश्रूषा या कामांतले तंत्रज्ञ कायद्याने एकाच गटात घातले आहेत. दोन जागांत कोणीतरी बाहेर राहणारच.

म्हणूनच राज्यांनी या जागांसाठी जाहीर अर्ज मागवावेत, दोहोंपैकी एक सदस्य सध्या रुग्णसेवेत असलेलाच घ्यावा आणि निवडीची कारणे विधिमंडळापुढे ठेवावीत. फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपीसाठी दिल्लीने १९९७ मध्ये, तर महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचे कायदे केले होते. त्यामुळे निदान या दोन व्यवसायांत तरी अनुभवी माणसे मिळत नाहीत, ही सबब मुंबईत वा दिल्लीत चालण्यासारखी नाही.