अल्पायुषी पाळणे

गेल्या शनिवारी माउंट हूडला गेलो होतो. आम्ही पोर्टलंडच्या बाजूला राहतो, त्यामुळे भारतातून कोणी आलं की त्यांना बर्फ दाखवायची ही आमची ठरलेली जागा. गाडीने दीडेक तास. यावेळी मामा-मामी होते. मामा एस.टी.च्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांना बर्फाचं कौतुक पाच मिनिटं, नंतर सगळं लक्ष चाकांना साखळ्या बांधणाऱ्या लोकांकडे!

डोंगराच्या पायथ्याशी गव्हर्नमेंट कॅम्प नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथे थंडरहेड लॉज म्हणून एक थोराड इमारत आहे. आज तिथे फ्लॅट आहेत, पण मुळात ते एका रोपवेचं खालचं स्टेशन. मी मामांना सांगितलं, "इथून वरच्या टिंबरलाइन लॉजपर्यंत तारेवरून बस जायची." मामांना वाटलं मी त्यांची फिरकी घेतोय.

पण खरंच जायची. 'स्कीवे' नाव होतं त्याचं. १९५१ साली सुरू झाला. लांबी तीन मैल. डबे म्हणून चक्क शहरातल्या सिटी बसचे सांगाडे वापरले होते, एका वेळी ३६ माणसं. इंजिन गाडीतच. बस स्थिर केबल धरून स्वतःच स्वतःला ओढत वर जायची. ओरेगनच्या जंगलात ओंडके तारेवरून वाहून न्यायचं तंत्र होतंच, त्यातूनच ही कल्पना निघाली. दिसायला झकास, पेपरात फोटो, सगळं काही. आणि १९५६ साली बंद. पाच वर्षं!

मामांनी एकच प्रश्न विचारला. "वर जायला रस्ता नव्हता का रे?"

होता. आणि युद्धानंतर तो चांगला सुधारलाही होता. त्यावरून साधी बस जायची, ती स्वस्त होती आणि तारेवरच्या बसपेक्षा उशिराही पोचत नव्हती.

"मग ती बस रस्त्यावरूनच का नाही चालवली?"

संपलं. एवढ्या मोठ्या प्रोजेक्टचं पोस्टमॉर्टेम एस.टी.च्या माणसाने दोन वाक्यांत केलं. :-)

मला मात्र परत येताना गाडीत हसू येईना. सांगतो का ते. पण आधी लिफ्टांबद्दल थोडं, कारण या आठवड्यात रात्री जागून मी हेच वाचतोय.

रोपवे म्हटलं की आपल्याला बंद डबा आठवतो. स्कीवाल्यांची चेअरलिफ्ट म्हणजे एक अखंड फिरणारी केबल आणि तिला लटकवलेल्या खुर्च्या. पहिली चेअरलिफ्ट १९३६ ची, अमेरिकेत आयडाहोमधल्या सन व्हॅलीची. युनियन पॅसिफिक रेल्वेतला जेम्स करन नावाचा इंजिनिअर त्याआधी जहाजात केळीचे घड चढवायच्या यंत्रणेवर काम करून आला होता. त्याने आकड्याच्या जागी खुर्ची लावली. झाली चेअरलिफ्ट! इतकी साधी गोष्ट असल्यामुळेच अशा लिफ्ट चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास वर्षं चालतात. व्हरमाँटमध्ये मॅड रिव्हर ग्लेनला १९४८ ची एका माणसाच्या खुर्च्यांची लिफ्ट होती. २००७ साली ती नव्याने बांधली, तेव्हा तिथल्या सभासदांनी हट्टाने पुन्हा एका माणसाचीच खुर्ची ठेवली. उतारावर गर्दी नको म्हणून!

मग काही लिफ्ट चार-पाच वर्षांत, काही तर दोनच सीझनमध्ये का जातात? लोखंड काही एवढ्यात गंजत नाही. माझं मत असं की लवकर मरणाऱ्या लिफ्ट तीन प्रकारच्या असतात आणि आपण तिन्हींना एकाच 'फेल' नावाच्या खोक्यात टाकून मोठी चूक करतो.

पहिला प्रकार स्कीवेचा. यंत्र चाललं, पण त्याची गरजच नव्हती. ज्या अडचणीवर ते उत्तर होतं ती अडचण रस्त्याने आधीच सोडवलेली. गंमत म्हणजे त्याच डोंगरावर १९३९ साली टिंबरलाइनच्या वर 'मॅजिक माइल' नावाची चेअरलिफ्ट झाली. तिथे रस्ता नाही, तिच्याशी स्पर्धा करायला कोणी नाही. तीही बदलली, एकदा १९६२ ला आणि मग १९९२ ला. पण प्रत्येक वेळी त्याच नावाने नवी लिफ्ट आली. गरज जिवंत असली की यंत्र मेलं तरी लिफ्ट मरत नाही.

दुसरा प्रकार ऑस्ट्रेलियातला. तिथल्या स्नोई माउंटन्समध्ये शार्लट पास नावाचं ठिकाण आहे. ऑस्ट्रेलियाचं सर्वांत कमी तापमान तिथेच नोंदलंय, १९९४ सालचं, उणे २३ अंश. हिवाळ्यात तिथला रस्ता बर्फाखाली जातो. म्हणून खालच्या थ्रेडबो नदीच्या खोऱ्यातून डोंगराची रांग ओलांडून शार्लट पासला उतरणारी चेअरलिफ्ट बांधली. ५.६ किलोमीटर! तेव्हाची जगातली सगळ्यात लांब. १९६४ च्या हिवाळ्यात सुरू झाली आणि १९६५ नंतर बंद. माथ्यावरचा वारा, केबलवर आणि खुर्च्यांवर धरणारा बर्फ, वरचेवर बंद पडणं. शिवाय १९६४ चा हिवाळा नेमका प्रचंड बर्फाचा. उघड्या खुर्चीत बसून एवढं अंतर अशा वादळात कोण जाणार?

पण बघा, इथे गरज खोटी नव्हती. खालच्या कमी बर्फाच्या रस्त्यावर गाडी लावायची आणि वर बर्फात जायचं, हा विचार बरोबरच होता. १९८७ साली त्याच खोऱ्यातल्या बुलॉक्स फ्लॅटपासून 'स्कीट्यूब' सुरू झाली. ही दातेरी रुळांवरची रेल्वे, डोंगराच्या पोटातून बोगद्याने पेरिशरच्या स्की रिसॉर्टला जाते. तिचा वाऱ्याशी संबंधच ठेवला नाही. ती आजही चालू आहे. शार्लट पासला हिवाळ्यात पेरिशरहून बर्फावर चालणाऱ्या गाडीने जातात. म्हणजे चेअरलिफ्टने दोन वर्षांत जे शिकवलं ते खोटं नव्हतं, फक्त महाग होतं.

आता तिसरा प्रकार. इथे माझी मस्करी संपते.

साध्या चेअरलिफ्टची खुर्ची केबलला कायमची घट्ट बांधलेली असते. त्यामुळे केबल फार जोरात फिरवता येत नाही, कारण माणसाला बसायचं असतं. साधारण सेकंदाला अडीच मीटर. यावर उपाय म्हणजे सुटणारी ग्रिप. स्टेशनात आली की खुर्ची केबल सोडते, हळू होते, माणसं बसली की पुन्हा केबल धरते. मग केबल दुप्पट वेगाने पळवता येते. अशी चार माणसांची जगातली पहिली लिफ्ट १९८१ साली डॉपलमायर कंपनीने कोलोरॅडोत ब्रेकनरिजला बसवली. नाव क्विकसिल्व्हर. ती १९९९ पर्यंत चालली आणि मग सहा जणांच्या लिफ्टला जागा देऊन गेली. याला म्हणायचं सुखाने निवृत्त होणं.

अख्खी लिफ्ट त्या ग्रिपवर असते. ग्रिप म्हणजे तळहातावर जीव.

नेवाडातल्या कार्सन सिटीत लिफ्ट इंजिनिअरिंग नावाची कंपनी होती, तिच्या लिफ्ट 'यॅन' नावाने विकल्या जायच्या. स्पर्धकांपेक्षा स्वस्त. त्यांच्या साध्या, बांधलेल्या खुर्च्यांच्या कितीतरी लिफ्ट आजही उत्तम चालू आहेत, हे आधी सांगितलं पाहिजे. पण सुटणाऱ्या ग्रिपच्या शर्यतीत तेही उतरले. त्यांच्या ग्रिपमध्ये स्टीलच्या स्प्रिंगऐवजी रबराच्या स्प्रिंग होत्या. कॅनडात व्हिसलरला त्यांनी १९९१ साली लिफ्ट बसवली. योगायोगाने तिचंही नाव क्विकसिल्व्हर. २३ डिसेंबर १९९५ ला इमर्जन्सी ब्रेक लागला, एक खुर्ची केबलवरून सरकली, पुढच्या खुर्चीवर आदळली, आणि चार खुर्च्या खाली कोसळल्या. दोन माणसं गेली, आठ जखमी झाली. पुढच्या वर्षी त्या जागी गोंडोला आली. कंपनीनेही १९९६ सालीच दिवाळं काढलं.

त्या ग्रिपच्या बाकीच्या लिफ्टचं काय? कुठे ग्रिप बदलल्या, कुठे अख्खी लिफ्टच उतरवली. ज्या सन व्हॅलीत केळीच्या आकड्यातून चेअरलिफ्ट जन्मली, त्या सन व्हॅलीतही यॅनच्या लिफ्ट होत्या आणि त्यांनाही ग्रिप बदलाव्या लागल्या.

मला झोंबतं ते पुढे आहे. ही या कंपनीच्या लिफ्टवरची पहिली दुर्घटना नव्हती. डिसेंबर १९८५ मध्ये कोलोरॅडोत कीस्टोनला वरच्या मोठ्या चाकाचं वेल्डिंग गेलं, चाळीसहून जास्त माणसं जखमी झाली, त्यातली दोन पुढे दगावली. १९९३ साली कॅलिफोर्नियात खुर्च्या एकमेकींवर आदळल्या, नऊ वर्षांचा मुलगा गेला. प्रत्येक वेळी कारण वेगळं सांगता येतं. इथे वेल्डिंग, तिथे खुर्च्या. प्रत्येक तिकीट वेगळं, प्रत्येक तिकीट 'क्लोज्ड'. आणि सगळी तिकिटं एकाखाली एक लावून कोणी बघायचं, हा प्रश्न कोणाच्याच नावावर नाही.

हे मला का झोंबतं? काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत (नाव राहू दे) एक सिस्टिम लिहिली होती. डिलिव्हरीच्या ड्रायव्हरांना कामं वाटून द्यायची. चौदा महिन्यांत ती बंद केली. शुक्रवारी संध्याकाळी चार ओळींची मेल आली. मी महिनाभर कोणाशी धड बोललो नाही. बायकोला, मित्रांना सांगत होतो की मॅनेजमेंटला अक्कल नाही, चालती गाडी भंगारात काढली.

चालती? ती सिस्टिम दर थोड्या दिवसांनी अडकायची. का अडकते ते मला शोधून सापडलं नव्हतं. म्हणून रात्री तीन वाजता तिला आपोआप रीस्टार्ट करणारी स्क्रिप्ट मी गुपचूप टाकली होती. रात्रपाळीच्या ड्रायव्हरांची कामं त्यात कधीकधी हरवायची. तक्रार आली की आम्ही ते एक काम हाताने दुरुस्त करून तिकीट बंद करायचो. माणसं मेली नाहीत, पण कोणाची तरी रात्रीची मजुरी बुडाली असणार. मी तेव्हा ते मोजलंही नाही. म्हणजे माझी सिस्टिम स्कीवेसारखी बिनगरजेची नव्हती. शार्लट पाससारखी चुकीच्या हवेतही नव्हती. ती तिसऱ्या प्रकारची होती. आणि बंद करणारे बरोबर होते.

म्हणून मला वाटतं की लवकर बंद पडलेल्या गोष्टीला हसण्याआधी, किंवा तिच्यासाठी रडण्याआधी, तीन प्रश्न विचारावेत. गरज खरी होती का? जागा, हवा, भोवतालचं सगळं सोसण्यासारखं होतं का? आणि ज्यावर अख्खं वजन आहे तो एक भाग भरवशाचा होता का? पहिल्या दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर पैसे जातात. थोडं हसं होतं, पण लवकर थांबलात तर शहाणपणच. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर एक दिवसही थांबायचं नाही. तिथे "अजून चालतंय की" हे कारण होऊ शकत नाही. व्हिसलरची लिफ्टसुद्धा त्या दिवसापर्यंत चालतच होती.

आपल्या धंद्यात जास्त दिवस टिकलेल्या कोडला मान मिळतो. वेळेवर बंद केलेल्या गोष्टीला कोणी हार घालत नाही. मला वाटतं घालावा. १९६५ नंतर ती ऑस्ट्रेलियातली लिफ्ट आणखी दहा वर्षं ओढायचा हट्ट धरला नाही, हाही इंजिनिअरिंगचाच निर्णय आहे.

जाता जाता एक गंमत. टिंबरलाइन चालवणाऱ्या कंपनीने २०१८ साली गव्हर्नमेंट कॅम्पचं छोटं स्की रिसॉर्ट विकत घेतलं, आणि तिथून वर टिंबरलाइनपर्यंत गोंडोला न्यायचा विचार पुढे आलाय. कारण? रस्ता आहे, पण वर गाड्या लावायला जागा पुरत नाही. सत्तर वर्षांपूर्वी ज्या रस्त्याने स्कीवेला मारलं, तोच रस्ता आता भरलाय. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तरसुद्धा कायमचं नसतं.

हे मामांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बांधू देत. पण ब्रेक मारल्यावर डबा जागेवर राहतो का, ते आधी भरलेल्या गाडीने बघा म्हणावं. रिकाम्या गाडीचं सर्टिफिकेट आम्ही डेपोत कधी घेतलं नाही."

असो. उद्या सोमवार. आमच्या आत्ताच्या सिस्टिममध्येही एक रात्रीची स्क्रिप्ट आहे, मी लिहिलेली नाही, पण मला माहीत आहे. उद्या सकाळच्या मीटिंगमध्ये तिच्याबद्दल विचारणार आहे.