नळाला पाणी आलं की गिटारचा आवाज का बदलतो?

गेल्या महिन्यातली गोष्ट. सिडकोतल्या एका मित्राच्या घरी, मागच्या खोलीत गाण्याचं रेकॉर्डिंग सुरू होतं. त्याच्याकडे ५० वॅटचा जुना ट्यूब ॲम्प आहे, म्हणजे आजोबांच्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह असलेला. रिदम गिटारचा डावा ट्रॅक त्यानं सोमवारी रात्री घेतला आणि उजवा गुरुवारी सकाळी. गिटार तीच, नॉबना कुणी हात लावलेला नाही, माइक टेपनं खूण केलेल्या जागीच. तरी दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवले की दोन वेगळे ॲम्प वाटत होते. सकाळचा आवाज मऊ, थोडा फाटलेला, खालचे सूर ढिले.

मित्र नव्या ट्यूब मागवायच्या बेतात होता. मी बॅगेतला मल्टिमीटर काढून सॉकेटला लावला. २०५ व्होल्ट! गल्लीत नळाला पाणी आलं होतं आणि घराघरांत मोटारी सुरू होत्या. आपल्या शहरात पाणी रोज येत नाही, हे राज्यात कुणाला नव्यानं सांगायला नको. ते येतं तेव्हा सगळी गल्ली एकाच वेळी बटण दाबते. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्या क्षणी तर दाब आणखी खाली जातो. दोन तासांनी मीटरवर २२८ होते, रात्री अकरानंतर २३९.

मग लॅपटॉपला काही का होत नाही?

लॅपटॉपचा चार्जर बघा. त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. आत काहीही आलं तरी बाहेर ठरलेलाच दाब द्यायचा, असं त्याचं सर्किट असतं. जुन्या पद्धतीच्या ट्यूब ॲम्पमध्ये ही सोय नसते. भिंतीतून आलेली वीज थेट ट्रान्सफॉर्मरवर जाते आणि भिंतीत जे कमी-जास्त होईल ते त्याच प्रमाणात ट्यूबपर्यंत पोहोचतं.

हिशेब सोपा आहे. २३० व्होल्टवर प्लेटला ४५० व्होल्ट मिळत असतील, तर २०५ वर साधारण ४०० मिळतात. ट्यूब तापवणाऱ्या फिलामेंटला ६.३ हवेत, तिथे ५.६ उरतात. ताकद दाबाच्या वर्गानुसार घटते, त्यामुळे ॲम्पचे वॅट जवळपास २० टक्क्यांनी कमी होतात.

गंमत म्हणजे हा २० टक्क्यांचा फरक आवाजाच्या पातळीत फक्त १ डेसिबल भरतो. तो कानाला सहज कळतही नाही. कळतं ते वेगळंच. ॲम्प लवकर फाटायला लागतो, कारण स्वच्छ आवाजाची कमाल मर्यादाच खाली आलेली असते. तार जोरात छेडली की सूर दबतो आणि मग हळूच वर येतो. प्रेक्षकांत बसून हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. रेकॉर्डिंगमध्ये मात्र दोन टेक शेजारी ठेवले की चोरी पकडली जाते.

‘कमी व्होल्टेजच भारी’ हे खरं का?

इथे एडी व्हॅन हॅलनचं नाव निघतंच. बँडच्या १९७८ च्या पहिल्या अल्बममधला त्याचा गिटारचा आवाज आजही लोक शोधत फिरतात. तो मार्शल ॲम्पला व्हेरिॲक लावून अमेरिकेतला ११०-१२० व्होल्टचा दाब ९० च्या आसपास उतरवायचा. इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये आपण ज्याला डिमरस्टॅट म्हणायचो, तेच हे यंत्र. सुरुवातीच्या मुलाखतींत मात्र त्यानं दाब वाढवतो असं सांगितलं होतं. ते खरं मानून कुणी ॲम्प १४० व्होल्टवर चालवला, तर धूर निघायला वेळ लागत नाही.

माझं मत असं की एडीनं दाब स्वतः निवडला होता. आपल्याकडे तो शेजारची मोटार निवडते. हा फरक लक्षात न घेता ‘लो व्होल्टेजमुळे व्हिंटेज टोन मिळतो’ म्हणणं म्हणजे छत गळतं त्याला शॉवर म्हणण्यासारखं आहे. आणि फिलामेंट कायम अर्धवट तापलेली ठेवणं ट्यूबसाठीही चांगलं नाही.

वरच्या बाजूचा धोका तर थेट खिशाला लागतो. अनेकजण शांतता मिळते म्हणून मध्यरात्री रेकॉर्डिंग करतात आणि नेमका तेव्हाच लोड उतरून दाब चढतो. २४८ व्होल्ट आले तर प्लेटवर ४८५ जातात. कपॅसिटर ५०० व्होल्टचे असतील तर सीमा फार लांब नाही. खांबावरचा न्यूट्रल सुटला, तर घरात ३०० च्या वरही व्होल्ट येऊ शकतात. तेव्हा ॲम्पच काय, फ्रिजही वाचत नाही.

उपाय काय?

घरातला फ्रिजचा स्टॅबिलायझर इथे कामाचा नाही. तो रिलेवर चालतो, ‘टक’ करून टप्प्याटप्प्यानं दाब बदलतो, म्हणजे टेक चालू असतानाच टोन उडी मारतो. इन्व्हर्टरवर तर ॲम्प लावूच नका. बहुतेक स्वस्त इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते आणि ती गुणगुण होऊन रेकॉर्डिंगमध्ये उतरते. सर्व्हो स्टॅबिलायझर किंवा ऑनलाइन यूपीएस हे खरे पर्याय. दोन्ही महाग आहेत, पण आठवड्याला चार बँड येत असतील तर स्टुडिओनं घ्यावेतच. अमेरिकेहून आणलेला ११० व्होल्टचा ॲम्प असेल, तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर तुम्हाला वाचवत नाही. आत २०५ आले की तो १०२ च देणार.

बाकीच्यांसाठी काही शे रुपयांचा मल्टिमीटर पुरेसा आहे. टेक घेण्याआधी, ॲम्प चालू ठेवून, शेजारच्या सॉकेटवर दाब मोजा आणि टेकच्या नोंदीत आकडा लिहा. ॲम्पचा मागचा पत्रा उघडून आत मोजायला जाऊ नका. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो.

आणि दाब रोजच ढासळत असेल तर तक्रार करा. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतही घरगुती दाब सहा टक्क्यांहून जास्त हलू नये असं होतं, म्हणजे २३० च्या हिशेबानं साधारण २१६ ते २४४. वीज नियामक आयोगाच्या सेवा-मानकांत व्होल्टेजच्या तक्रारीला जागा आहे. आपण वीज गेल्यावर फोन करतो, अर्धी आल्यावर करत नाही.

मित्रानं ट्यूब मागवल्या नाहीत. उजवा ट्रॅक त्यानं पुन्हा रात्री घेतला, मीटरवर २३९ असताना. डाव्याच्या वेळी आकडा किती होता, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण या वेळी दोन्ही जुळले. आता त्याच्या वहीत ट्यूनिंगच्या शेजारी व्होल्टचा रकाना आहे, आणि गल्लीच्या ग्रुपवर ‘पाणी आलं’ असा मेसेज पडला की रेकॉर्डिंग थांबतं. तोही मोटार लावायला खाली जातो.