भावजींचं खोकं

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून भावजींचं खोकं निघालं. क्वीनच्या कॅसेटी, पिवळी कात्रणं, फाटकं पोस्टर. मागे असलंच एक खोकं मी वरसाव्यातल्या भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. भावजी बोलले काहीच नाहीत, पण दोन दिवस धड जेवलेही नाहीत.

त्या फ्रेडी मर्क्युरीचं एवढं काय, असं मला वाटायचं. हा मूळचा फरोख बुलसारा, पारशी. शिकला आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये, पहिला बँडही तिथलाच. 24 नोव्हेंबर 1991ला एड्सनं गेला, 45व्या वर्षी. मेरी ऑस्टिन या मैत्रिणीनं त्याच्या वस्तू 30 वर्षं सांभाळल्या. 2023मध्ये लंडनला लिलाव झाला, तेव्हा नुसता पियानो 17 लाख पौंडांवर गेला! आमच्या खोक्याचे वीस रुपये आले तरी खूप.

पण लेकीचं पहिलं झबलं मी जपलंयच ना? त्याचा भाव मी कुठं काढते? दुसऱ्याची आठवण तेवढी आपल्याला पसारा वाटते.

खोकं पुसून परत वर ठेवलं. आता पोस्टरला मागून चिकटपट्टी लावायचीय, पण ती भावजींना विचारूनच.