गतीतील विवेक
व्यापारानिमित्त दूरचा प्रवास करणारे आपले तरुण हल्ली मोटारीला घरीच क्रूझ कंट्रोल बसवू पाहतात. राल्फ टीटर या अंध अमेरिकन अभियंत्याने शोधलेले हे साधन १९५८ मध्ये क्रायस्लरच्या मोटारींत आले. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत ॲक्सिलरेटर पेडलच्या तारांना त्याची जोडणी करतात. खरी कसोटी ब्रेक व क्लचच्या स्विचची आहे. पाय टेकताच यंत्राने वेगाचा ताबा सोडला पाहिजे. जोडणी चुकल्यास ब्रेक दाबूनही इंजिन गाडी ओढत राहील. म्हणून हे काम जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावे. साधे क्रूझ कंट्रोल वेग राखते, समोरचा जीव पाहत नाही. ईर्यासमिती म्हणजे पुढची भूमी निरखून चालणे. पायाला विसावा मिळाला, तरी दृष्टीने प्रमाद करू नये.